आत्याबाईच्या गळ्यातला निळा दोरा

गल्लीच्या वळणावर जो शिंपी बसतो त्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळेशी त्यांचा संबंध फक्त गणवेशापुरता. पुढच्या खोलीत दुकान, मधे स्वयंपाकघर, मागच्या दाराबाहेर दोन खाटा मावतील एवढं अंगण, अशी त्यांची एकूण इस्टेट. आणि त्या अंगणाची मालकीण एक तांबूस कोंबडी. तिचं नाव आत्याबाई.

हे नाव ठेवलं वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही म्हणू. मास्तरांची थोरली बहीण घरी आली की मान पुढे काढून, एकेक पाऊल तोलून टाकत, कुठल्या कोपऱ्यात काय सांडलंय ते बघत फिरते. कोंबडी आणली त्याच दिवशी ती अंगणात अगदी तशी फिरली आणि वहिनी म्हणाल्या, "आल्या बघा आत्याबाई!" मास्तरांनी ऐकलं, त्यांना समजलं, आणि ते मशीन चालवत राहिले. संसार सुरळीत चालायचा तर काही गोष्टी ऐकू येऊन चालत नाही, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

मास्तरांच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. कॉलर कधी वाकडी नाही, काज कधी उसवलेलं नाही. त्यांना सर्वांत मोठा अभिमान त्यांच्या धाग्याचा. स्वस्तातला दोरा त्यांनी कधी मशीनला लावला नाही. "कापड फाटेल, पण माझा धागा तुटणार नाही," हे वाक्य त्यांनी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलंय की काही गिऱ्हाइकं ते त्यांच्याआधीच म्हणून टाकतात. मात्र स्वतःच्या कपड्यांच्या बाबतीत आनंदच. कुणाची तरी बिघडलेली, कुणी न नेलेली अशी एखादी पॅन्ट ते घालायचे आणि वर पट्टा आवळायचे. लग्नातल्या फोटोतसुद्धा त्यांचा कोट खांद्यावरून घसरतोय. दुसऱ्याच्या अंगावर अर्ध्या बोटाची चूक न खपवणारा हा माणूस आरशात बघून भांग काढायचा आणि मानेखाली बघायचाच नाही.

तर या घरातून वहिनी लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी गेल्या. जाताना त्यांनी सूचनांचा सपाटा लावला. आत्याबाईला दाणे किती, पाणी कधी बदलायचं, खुराड्याची कडी कशी लावायची, कारण ती सरळ लावली की उघडते. शेवटची सूचना त्यांनी उंबऱ्यात उभं राहून, बोट वर करून दिली. "आणि दुकानातला केर मागच्या दाराने लोटायचा नाही. पिशवीत भरायचा. ऐकताय ना?"

"हो हो," मास्तर म्हणाले. नवरेमंडळी ज्या सुरात हो हो म्हणतात, त्याच सुरात.

"आणि वेळेवर जेवा."

"हो हो."

रिक्षा वळणाआड गेली आणि मास्तरांना दोन गोष्टी एकदम जाणवल्या. घर फार मोठं वाटतंय, आणि पॅन्ट खाली सरकतेय. घराचं काही करता येत नव्हतं. पॅन्टचं मात्र येत होतं. पट्ट्याला नवं भोक पाडायचं तर चांभाराकडे जावं लागतं. चूण घालायला शिंपी घरातच होता. त्यांनी कमरेला मागच्या बाजूने चूण घातली, पॅन्ट चढवली आणि कामाला बसले. आता खाऊन-पिऊन सुखी असलेल्या माणसाची पॅन्ट सैल का व्हावी, असा प्रश्न तुम्हाआम्हाला पडला असता. मास्तर त्या प्रश्नाच्या वाटेला गेले नाहीत.

शाळा उघडायचे दिवस होते. निळ्या गणवेशांचा ढीग कापायच्या टेबलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून जमिनीवर उतरला होता. मास्तर मान मोडेस्तोवर काम करत. जेवण म्हणजे चहात बुडवलेला पाव, तोही मशीनवर बसल्या बसल्या. शेजारी पाण्याचा तांब्या. तो सारखा रिकामा होई आणि मास्तर सारखे उठत, एकदा तो भरायला आणि एकदा त्याचा परिणाम निस्तरायला. "उकाडा फार आहे," असं ते स्वतःला सांगत. संध्याकाळी कंबर मोडलेली असे. केर पिशवीत भरायचा तर खाली बसावं लागे. मागचं दार उघडंच असे. झाडूचा एक हात लांब मारला की निळ्या दोऱ्यांचे गुंतवळे, चिंध्या, खडूची धूळ, सगळं अंगणात. आत्याबाई मान पुढे काढून तयारच असे.

"बघ, ती स्वतःच साफ करते," मास्तर कौतुकाने म्हणत. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून हे कौतुक बिनबोभाट पार पडलं.

वहिनींचा फोन रोज येई. बाळ झालं होतं, मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप होते. एवढं सांगून झालं की पहिला प्रश्न ठरलेला.

"आत्याबाई कशा आहेत?"

"मजेत."

मास्तरांना याचा थोडा राग यायचा. आधी कोंबडी आणि मग नवरा, हा क्रम त्यांना पसंत नव्हता. पण बोलायची सोय नव्हती. लेक सासरी गेल्यावर वहिनी मागच्या पायरीवर गप्प बसून राहायच्या. कोंबडी आली आणि त्या पुन्हा बोलायला लागल्या. आधी कोंबडीशी, मग मास्तरांशी. मास्तर हे जाणून होते. आत्याबाईला काही झालं तर पायरीवरची ती गप्प बाई परत येईल, याची त्यांना मनातून धास्ती होती.

आणि आत्याबाईला काहीतरी होत होतं. आधी अंडी थांबली. मग तिचं फिरणं थांबलं. भिंतीच्या कडेला ती मान खांद्यात घालून, पिसं फुलवून उभी राहायला लागली. तुऱ्याचा लाल रंग धुवून धुवून विटलेल्या फडक्यासारखा झाला. दाण्यांवर दोनदा चोच मारायची आणि लांब व्हायची. पाण्यावर मात्र सारखी जायची. मधूनच मान लांब करून, वाकडी करून, काहीतरी गिळायचा प्रयत्न करावा तशी करायची.

पलीकडच्या घरात एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांना भिंतीवरून डोकावायची सवय नोकरीपासूनच. त्यांनी आत्याबाईचं निरीक्षण केलं आणि डोळे बारीक केले.

"मास्तर, हा घातपात आहे."

"काय बोलताय हवालदार!"

"मांजर. ते काळं. आठवडाभर ते या भिंतीवर घुटमळतंय, मी पाळत ठेवून आहे. धसका घेतलाय कोंबडीने. खात नाही, पीत नाही."

"पिते हो. सारखी पिते."

"मग जबानीत तसं सांगायला हवं होतं," हवालदार नाराज होऊन म्हणाले. पण संशयित त्यांनी बदलला नाही.

मास्तरांना अंदाजपंचे बोलणारी माणसं आवडत नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढली, अंगणात उकिडवे बसले आणि आत्याबाईच्या छातीचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. माप वाढलं होतं! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी फोनवर छाती पुढे काढून सांगितलं, "अगं, आत्याबाईने अंग धरलंय चांगलं. मापच घेतलं मी."

"कोंबडीचं माप?" वहिनींनी पलीकडून विचारलं. "तुम्ही जेवताय ना नीट?"

"हो हो."

आजारी कोंबडी थंडी वाजल्यासारखी पिसं फुलवते आणि त्यामुळे ती गुबगुबीत दिसते, हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. कोटाच्या आत कापूस भरला की माणूस भरदार दिसतो हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेकडो बारक्या नवरदेवांना त्यांनी असेच खांदे बहाल केले होते. आणि तरी ते पिसांना फसले. धंद्यातली खूण धंद्याबाहेर आठवत नाही, त्याला मास्तर काय करणार.

कळलं ते तिसऱ्यांदा माप घेताना. या वेळी आत्याबाई पळाली नाही, पंखही फडफडवले नाहीत, म्हणून मास्तरांनी तिला सरळ दोन्ही हातांनी उचललं. उचलली आणि ते चपापले. हातात पिसंच होती, कोंबडी नव्हती. पिसांत बोटं घालून त्यांनी छाती चाचपली. मधलं हाड कापायच्या पट्टीच्या कडेसारखं बोटाला लागलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस असं नव्हतंच. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, कोंबडी कापडी पिशवीत घातली आणि गुरांचा दवाखाना गाठला. गणवेशासाठी आलेली एक बाई कुलपाकडे बघतच राहिली. मास्तरांचं दुकान भर हंगामात बंद, हे गल्लीने कधी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण आणि चटपटीत. त्यांनी आत्याबाईला हातात घेतलं, डोळे पाहिले, चोच उघडून हुंगली, छातीवरून बोट फिरवलं आणि मग गळ्याखाली, उजव्या अंगाला, हलकेच दाबलं.

"ही दाण्याची पिशवी. कोंबडी खाते ते आधी इथे साठतं, मग हळूहळू खाली उतरतं. इथे घट्ट गोळा लागतोय. आज संध्याकाळी हिला काही खायला देऊ नका. उद्या उजाडल्यावर, दाणे टाकायच्या आधी, इथे हात लावून बघा. पिशवी सपाट असली तर वेगळा विचार करू. गोळा तसाच असला तर घेऊन या."

"पण ती तर जाड दिसत होती हो. मी माप घेतलं होतं."

"माप कशावरून? पिसांवरून?" डॉक्टरबाई हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. "पक्षी आजार लपवतात, मास्तर. अशक्त दिसलं की बाकीचे टोचून मारतात, म्हणून शेवटपर्यंत ठीक असल्याचा आव आणतात. वरून बघून कळत नाही. आत हात घालून हाडच चाचपावं लागतं."

मास्तरांनी मान डोलावली. मग त्यांचा हात नकळत स्वतःच्या कमरेकडे गेला. तिथे आता तीन चुणा होत्या. त्यांनी हात काढून घेतला आणि विचारलं, "जरा पाणी मिळेल का प्यायला?"

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं आणि मास्तर खुराड्यापाशी. गोळा तसाच होता, घट्ट, मोठ्या अक्रोडाएवढा. पिशवी भरलेली आणि कोंबडी उपाशी. आत्याबाईने त्यांच्याकडे एक डोळा करून पाहिलं. "थांब गं बाई," मास्तर म्हणाले, "एवढं माझ्यासाठी कर. ती येईपर्यंत तरी थांब." असं ते कुणाशी कधी बोलले नव्हते, आणि हवालदार अजून उठले नव्हते ते बरंच झालं.

डॉक्टरबाईंनी गळ्याखालची पिसं काढली, जागा बधिर केली आणि लहानसा छेद दिला. चिमट्याने गवताचा एक कुजका बोळा निघाला. त्याच्या मागून एक टोक निघालं, निळं. डॉक्टरबाई ओढत गेल्या आणि निळा दोरा निघत गेला. गुंतवळ्यामागून गुंतवळा, मधेच कॉलरमधल्या कडक कापडाची एक चिंधी, आणि पुन्हा दोरा. ट्रेमध्ये त्याचा ओला ढीग जमला.

"हिला हे गांडूळ वाटलं असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुठून खाल्लं हिने? ओळखता का?"

मास्तर ओळखत होते. गल्लीतली निम्मी पोरं त्याच दोऱ्यात शाळेत जात होती.

"माझाच आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चांगला दोरा आहे. तुटत नाही."

"ते दिसतंच आहे. तुटला असता तर कदाचित खाली उतरला असता."

इतकी वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलेलं वाक्य असं ट्रेमध्ये येऊन पडलेलं बघून मास्तरांची बोलती बंद झाली. बंद झाली खरी, पण फार वेळ राहिली नाही. डॉक्टरबाई छेद शिवायला लागल्या आणि पहिल्या टाक्यालाच मास्तर पुढे वाकले.

"टाका जरा जवळ घ्या. इथे ओढ बसणार."

"मास्तर, मागे व्हा."

"नाही, आपलं सांगितलं. गाठ तेवढी उलट बाजूला घ्या."

"मास्तर!"

ते मागे झाले. गाठ मात्र डॉक्टरबाईंनी उलट बाजूला घेतली, असं मास्तर अजून सांगतात. डॉक्टरबाईंना विचारायला कुणी गेलेलं नाही.

पुढचे दिवस आत्याबाईचा मुक्काम दुकानात, कापायच्या टेबलाखालच्या टोपलीत. तिला मऊ खाणं थोडं थोडं द्यायचं होतं. मास्तर ते बोटावर घेऊन भरवत, आणि स्वतः चहात पाव बुडवत. केर आता झाडूने काढायचा नाही असं त्यांनी ठरवलं. ओला हात जमिनीवर फिरवून ते एकेक दोरा वेचत. त्या खटाटोपात त्यांना धाप लागे, भिंतीला टेकून बसावं लागे. पण आत्याबाईचा तुरा लाल व्हायला लागला होता, आणि मास्तरांना सध्या तेवढंच बघायचं होतं.

वहिनी परतल्या त्या एका सकाळी. बॅग उंबऱ्यात ठेवून सरळ मागच्या अंगणात. आत्याबाई मान पुढे काढून एकेक पाऊल तोलत फिरत होती. वहिनींनी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि त्यांचा हात गळ्याखालच्या उघड्या जागेवर थांबला.

"हे काय?"

मास्तरांनी सारवासारवीची तयारी करून ठेवली होती. हवालदारांचं मांजरसुद्धा हाताशी होतं. पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी सगळं खरंखरं सांगून टाकलं. झाडू, मागचं दार, निळा दोरा, माप घेतलं तेही.

"पिशवीत भरायचा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस."

"आणि हिने अंग धरलं म्हणालात!"

"फुगली होती ती."

वहिनींना हसू आवरेना. कोंबडी मांडीवर घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या. टेप घेऊन कोंबडीमागे फिरणारा नवरा त्यांना स्पष्ट दिसत होता. मास्तरही सुटल्यासारखे हसले. बला टळली होती. ते उठले, आणि वहिनींचं हसू अर्ध्यात थांबलं.

"पॅन्ट छान बसलीय तुम्हाला."

"बसणारच," मास्तर खुशीत म्हणाले.

"आजवर कधी बसली नव्हती."

वहिनींनी आत्याबाईला खाली सोडलं, मास्तरांच्या मागे आल्या, शर्ट वर केला आणि कमरपट्टी उलटी केली. काज-बटणं त्याच करत आल्या होत्या आणि मास्तरांचा टाका त्या अंधारातही ओळखत. दोन चुणा निळ्या दोऱ्याच्या होत्या. तिसरी तपकिरी.

"तपकिरी दोरा मी जायच्या आधीच संपला होता," वहिनी सावकाश म्हणाल्या. "शेवटची बॉबिन मीच भरून दिली होती. म्हणजे मी घरात असताना ही चूण घातलीत तुम्ही. मी गेल्यावर नाही."

"ती पहिली. तेव्हा थोडीच होती गं सैल."

वहिनींनी त्यांच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला. डॉक्टरबाईंनी कोंबडीवर फिरवला होता तसाच. मास्तर हलले नाहीत.

"का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस का? पोरगी एकटी पडली असती." मग त्यांनी उरलेलंही बोलून टाकलं. "आणि भीती वाटत होती. डॉक्टर काय सांगतील त्याची."

"तिला बोलता येत नाही हो!" वहिनी अंगणाकडे हात करून ओरडल्या. "ती मुकी आहे! तुम्हाला काय धाड भरली होती?" आणि मग त्या रडल्या. मघाचं हसण्यातलं पाणी अजून वाळलं नव्हतं. मास्तर तिथेच कमरपट्टी उलटी झालेल्या अवस्थेत उभे राहिले. कोंबडी गेली तर ही पुन्हा गप्प होईल म्हणून आपण इतके दिवस धावलो, आणि आपल्यासाठीही कुणी रडेल हे मोजायचं राहूनच गेलं, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनाही रडू आलं.

"उद्या दवाखान्यात जायचं," वहिनी नाक पुसत म्हणाल्या.

"गुरांच्या?"

"तिथेही नेईन. गप्प बसा."

माणसांच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि साखर निघाली, भरपूर. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असतात तर कठीण होतं. आता औषध आणि पथ्य सांभाळा, वजन भरेल. चहातली साखर त्याच दिवशी बंद झाली आणि मास्तरांनी आठवडाभर तोंड वाकडं करून ठेवलं. भिंतीपलीकडून हवालदारांनी जाहीर केलं की त्यांना पहिल्यापासूनच चहाचा संशय होता.

तेव्हापासून वहिनींची सकाळ ठरलेली आहे. दाणे टाकायच्या आधी एक हात आत्याबाईच्या गळ्याखाली, आणि चहाच्या आधी दोन बोटं मास्तरांच्या कमरपट्टीत. पुष्कळ दिवस ती बोटं आत सहज जायची. मग अडखळायला लागली. एका सकाळी ती आत जाईचनात, तेव्हा वहिनींनी टेबलावरची कातर उचलली.

"मी काढतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही सरळ उभे राहा."

आधीच्या दोन चुणा अशाच निघाल्या होत्या; आता त्या शेवटची चूण उसवायला बसल्या. टाका जवळजवळ होता आणि दोरा काही केल्या तुटत नव्हता. मास्तर एरवी या जागी आपलं वाक्य म्हणाले असते. आज म्हणाले नाहीत. पोटाला काच बसायचा थांबला तसा त्यांनी श्वास पूर्ण घेतला. उंबऱ्यावर आत्याबाई येऊन मान पुढे काढून उभी होती. वहिनींनी निघालेला निळा दोरा जमिनीवर पडू दिला नाही, मुठीत धरला.